मशीनदादा

शेजारच्या बसण्णांशी मी बारा वर्षं रोज बोलत होते, आणि त्यांचा चेहरा एकदाही धड पाहिला नव्हता. यात माझ्या मोतीबिंदूचा काही दोष नाही. बसण्णा बोलायचे तेच पडद्याआडून.

त्यांच्या दाराला जुनी सोलापुरी चादर शिवून केलेला जाड पडदा होता. मी व्हरांड्यातून विचारायची, "बसण्णा, आहात का?" आतून उत्तर यायचं, "हाय की. हितंच हाय." मग पडद्याच्या कडेनं एक हात बाहेर यायचा. त्यावर शेंगाचटणीची वाटी ठेवली की हात आत. दुसऱ्या दिवशी तोच हात घासलेली वाटी परत करायचा, आणि वाटीत खडीसाखरेचे दोन खडे असायचे. त्या हाताची नखं कायमची तपकिरी झालेली. हा माणूस हयातभर सूत रंगवायच्या कारखान्यात असणार, असा निष्कर्ष मी पहिल्याच आठवड्यात काढून साऱ्या गल्लीला सांगून टाकला. निष्कर्ष काढण्यात मी लहानपणापासून हुशार, आणि चुकीचे काढण्यात तर फारच.

बाहेर पडायची वेळ आली तर बसण्णा माकडटोपी घालायचे. सोलापुरात, मे महिन्यात. वर तोंडापुढं उघडलेला पेपर. पेपर वाचत चालणारा माणूस खांबावर आपटतो, पण हे कधी आपटले नाहीत, कारण पेपराला मधोमध भोक पाडलेलं होतं. आमच्या धाकट्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये बसण्णा तीन ठिकाणी आहेत. एकदा खांबामागचं कोपर, एकदा छत्री, आणि एकदा विहीणबाईंच्या अंबाड्यामागून निघालेला एक कान.

"आजी, त्यांना कॅमेऱ्याची ॲलर्जी आहे का गं?" माझी नात सई विचारायची.

मला मात्र तरुणपणी नेमकं उलटं दुखणं होतं. आरसा दिसला की मी थांबायची. आरसा नसला तर पितळी तांब्यात बघायची. तांब्यात नाक भोपळ्याएवढं दिसतं, तरी माझं समाधान व्हायचं, यावरून समजून घ्या.

मी अठरा वर्षांची झाले आणि घरात स्थळांची बोलणी सुरू झाली. मुलाकडचे फोटो मागायचे. त्याच संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, एक नवलाई आली होती. कपाटाएवढी प्लायवूडची पेटी, वर पाटी: 'स्वयंचलित फोटो मशीन. माणसाशिवाय फोटो.' पडदा सारून आत बसायचं. समोरच्या फळीत काचेचं एक भोक, खाली चिरेतून पैसे टाकायचे. घंटा वाजली की हलायचं नाही. तीनदा घंटा, तीन फोटो. बाहेर येऊन पाव तास थांबलं की दुसऱ्या चिरेतून ओलसर फोटो टपकायचे. फोटोग्राफर नाही, 'मान वर करा' म्हणणारा परका पुरुष नाही. आई एकदम तयार झाली. फक्त मुलीनं पडद्याआड एकटीनं बसायचं नाही म्हणून माझ्या धाकट्या बहिणीला, कुंदाला, सोबत घातलं. ती चौदा वर्षांची.

आत एकच स्टूल. अर्ध्यावर मी, आणि उरलेल्या चतकोरावर कुंदा. मी तिला सारखी ढोसत होते, "सरक की जरा!" मध्येच माझ्या नाकावरची पावडर गेल्याचा संशय आला. मी बाहेर आईकडं पळाले, कुंदा जागा धरून बसली. मी परत आले तर ती म्हणाली, "अक्का, मशीननं आपलं आपणच घंटा वाजवली."

"मशीन आहे. वाजणारच," मी म्हणाले आणि तिच्या डोक्यात टपली मारली. चुकीच्या निष्कर्षांतला हा सगळ्यात मोठा.

तिन्ही फोटो छान आले. तिन्हींत मी मधुबालेच्या थाटात भोकाकडं तिरकं बघत होते. आणि तिन्हींत कडेला कुंदा, लाल रिबिनींच्या दोन वेण्या आणि हसू दाबलेलं तोंड. मुलाकडच्यांना दोघी कशाला दाखवायच्या? त्यांनी धाकटीलाच मागणी घातली तर? मी आईची शिवणाची कात्री घेतली आणि तिन्ही फोटोंतून कुंदाला कापून काढलं. ती शेजारी बसून कापलेले तुकडे गोळा करत होती. म्हणाली, "बरोबर काप गं अक्का, तुझा कान जाईल." ते तुकडे पुढं बंबात गेले.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. पंचमीला माहेरी जायचं होतं, पण सासरी काहीतरी निघालं आणि मी चार दिवस उशिरा पोचले. कुंदाला कावीळ झाली होती. मी पोचले तेव्हा तिची चादर दोरीवर वाळत होती.

भिंतीवर लावायला फोटो नव्हता. शाळेनं कधी काढला नव्हता, घरात कॅमेरा नव्हता. आई म्हणाली, "तो गड्ड्यातला कुठं गं? त्यात ती होती की." मी सापडत नाही म्हणून सांगितलं. आई जाईपर्यंत, म्हणजे पुढं एकवीस वर्षं, मी माहेरी गेले की ती एकदा तरी विचारायची, आणि मी एकदा तरी शोधल्याचं नाटक करायची. एका मुलाकडून परत आलेला फोटो तेवढा माझ्याकडं राहिला. त्यात माझ्या खांद्यापाशी रिबिनीचं एक टोक आहे. माझी बहीण म्हणून माझ्याकडं होतं ते एवढंच.

तर बसण्णा. मागच्या दिवाळीनंतर त्यांचा पुतण्या त्यांना करमाळ्याला न्यायला आला. वय झालं होतं, एकटं राहणं जमेना. जायच्या आदल्या सकाळी त्यांनी पहिल्यांदाच मला आपणहून हाक मारली.

"वैनी, एक काम हुतं. जरा बसा की."

मी पायरीवर बसले. पडद्यातून हात आला. हातात पिवळं पडलेलं पाकीट.

"तुमच्या बारक्या बहिणीचा फोटो हाय. त्यांना द्या. लई वर्सं राहिलाय माझ्याकडं."

मी पाकीट तसंच हातात धरून बसले. पडदाच बोलत राहिला.

"गड्ड्यात ती फोटोची पेटी हुती बघा. मशीन-बिशीन काय नव्हतं. फळीच्या मागं मी हुतो. काळ्या कापडाच्या बाहीत हात घालून तितंच फोटो धुवायचो. ही नखं त्या औषधानंच अशी झाल्यात. माणसाम्होरं हुबं राहाया जमायचं न्हाय मला, म्हणून ती पेटी केली."

"आणि तुम्ही मला ओळखलंत कसं?" मी एवढंच विचारलं.

"हितं राहायला आलात त्या दिवशी टेम्पोवाल्याला म्हणालात, 'सरक की जरा.' तवाच वळखलं."

बारा वर्षं! मी चिडलेच. "मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? लोक मशीन समजून बसायचे. कुणी आत रडायचं, कुणी देवाला बोलावं तसं बोलायचं. आत माणूस हुता म्हणून कसं सांगावं त्यास्नी?" मग म्हणाले, "तुमी पावडरीला भाईर गेलात, तवा त्या बारक्या बाई भोकाजवळ तोंड आणून म्हणाल्या, 'मशीनदादा, माझ्या अक्काचा फोटो चांगला येऊ दे. तिचं लग्न जमायचंय. माझा बिघडला तरी चालंल.' म्या घंटा वाजवली. त्या हसल्या. तवाच एक फोटो काढला, त्यांचा एकटीचा, पैशाविना. पर धुऊन वाळस्तवर तुमी तीन घिऊन निघालात. चिरेतनं बघत हुतो जाताना. हाक मारावी वाटलं."

"मग मारायची की हो!"

"मशीन हाक कशी मारंल, वैनी?"

मी पाकीट उघडलं. कुंदा अख्ख्या स्टुलावर बसली होती. सरकायला सांगणारं कुणी नव्हतं ना. दोन्ही वेण्या पुढं, तोंड भरून हसू, समोरचा एक दात जरासा वाकडा. तो वाकडा होता हेही मी विसरले होते.

"कुटं असत्यात त्या?" पडद्यानं विचारलं.

मी सांगितलं. मी म्हटलं, "बसण्णा, आहात का?" पहिल्यांदाच 'हाय की' आलं नाही. पडदा हलला आणि बसण्णा बाहेर आले. टोपी नाही, पेपर नाही. तोंडावर देवीचे व्रण. आमच्या लहानपणी गल्लोगल्ली असे चेहरे असायचे. एवढ्याचसाठी एक माणूस साठ वर्षं पडद्यामागं राहिला होता. ते माझ्या शेजारी पायरीवर बसले आणि कुंदाचा फोटो हातात घेऊन बघत राहिले. इतक्या वर्षांनी तिला आठवणारे आम्ही दोघंच उरलो होतो, आणि मध्ये एक चादर होती.

सई कधी आली कळलं नाही. तिनं मोबाइल वर धरला तसे बसण्णा उठायला लागले. मी त्यांची बाही धरली आणि मोबाइलच्या भोकाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "मशीनदादा, आमच्या बसण्णांचा फोटो चांगला येऊ दे. माझा बिघडला तरी चालेल."

बसण्णा हलले नाहीत.

ते करमाळ्याला गेले, आणि शिवरात्रीच्या आत गेलेच. पुतण्याचा फोन आला. काकांचा एकही फोटो घरात नाही, तुमच्याकडं असला तर पाठवा, भिंतीवर लावायचाय. सईनं मोबाइलमधला तो पायरीवरचा फोटो उघडून मला दाखवला.

"छान आलेत गं आजोबा. फक्त कडेला तुझा खांदा आणि अर्धा चष्मा आलाय. कापून टाकू? एका सेकंदाचं काम आहे."

"नको," मी म्हणाले. "तसाच जाऊ दे."