एकेचाळीस हिरवी कार्डं

"यंदा माझ्या वर्गात एक पोर नापास झालं, तर विबोवो हे नाव लावणार नाही!" पाक विबोवोंनी, म्हणजे विबोवो सरांनी, सोयाबीनच्या तळलेल्या तेम्प्याचा तुकडा हवेत नाचवत स्टाफरूममध्ये जाहीर केलं.

एवढा आवेश चढायला कारण होतं. गेल्या वर्षी संख्याशास्त्रात एकेचाळीसपैकी एकोणतीस जण गळाले होते. प्राचार्या बू रेत्नांनी, म्हणजे रेत्ना मॅडमनी, बोलावून सांगितलं होतं, "निकाल सुधारा, पाक. शिवाय सत्र संपताना विद्यार्थी तुमच्याबद्दल जो फॉर्म भरतात, तोही चांगला यायला हवा. नाहीतर विषय पाक गुनादींकडे जाईल." बावीस वर्षं शिकवलेला विषय! आणि तो कुणाकडे, तर भागाकार करतानाही घाम फुटणाऱ्या गुनादींकडे!

म्हणून विबोवो सुराबाया शहरात तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते आणि आता भेटेल त्याला ऐकवत होते. "सत्राच्या शेवटी परीक्षा घेणं म्हणजे भाजलेलं मडकं वाजवून बघणं! ते संकलित मूल्यमापन. फुटकं निघालं तर कपाळाला हात लावायचा, बस्स! खरी मजा चाकावर! माती ओली असतानाच बघायचं, कुठे वाकतंय, कुठे दबतंय. ते आकारिक! त्याला ना गुण, ना भीती!"

"पण बघायचं कसं?" गुनादींनी चहा फुंकत विचारलं.

"कार्डं! समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल. वाटून आलोसुद्धा!"

पहिल्या आठवड्यात विबोवोंनी विचारलं, "समजलं?" एकेचाळीस हिरवी कार्डं वर! दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस. तिसऱ्या आठवड्यातही तेच. विबोवोंचे पाय जमिनीला लागेनात. चौदा आठवड्यांचा अभ्यासक्रम त्यांनी नवव्या आठवड्यातच उरकला. अख्ख्या मागेलांग शहरात असा वर्ग आजवर झाला नव्हता, असं ते बायकोला रोज जेवताना सांगायचे.

मग त्यांना कुठली स्वस्थता! त्यांनी बू रेत्नांना सगळ्या प्राध्यापकांसकट वर्गात यायचं आमंत्रणच दिलं. मागच्या बाकांवर मंडळी बसली. विबोवो उत्साहात फळ्याकडे धावले, चार, सहा, आठ असे आकडे लिहिले, बेरीज केली आणि भागायचं साफ विसरले.

"सरासरी अठरा! समजलं?"

एकेचाळीस हिरवी कार्डं.

बू रेत्ना खाकरल्या. "पाक, सरासरी सहा ना?"

"अं... सहा! सहाच! समजलं?"

पुन्हा एकेचाळीस हिरवी.

"यांना दोन्ही समजलं!" गुनादी खुदकन हसले.

बू रेत्ना उठून पुढे आल्या. "मुलांनो, ज्यांना समजलं नाही त्यांनी लाल कार्ड दाखवा. कुणी रागावणार नाही."

एकही लाल कार्ड वर आलं नाही. शेवटी गालुह, वर्गाची प्रतिनिधी, हात जोडून उभी राहिली. "लाल कार्डं नाहीत, बू."

"नाहीत म्हणजे?"

"पहिल्याच दिवशी आम्ही सगळे बसलो आणि एकमतानं ठरवलं. लाल कार्डं गोळा केली नि माझ्या कपाटात ठेवली. चुकून एखादं वर गेलं असतं, तर सरांना किती वाईट वाटलं असतं! सर इतकं घसा फोडून शिकवतात..."

विबोवोंनी खडू खाली ठेवला. "पोरी, खरं सांग. कुठपर्यंत समजलंय तुम्हाला?"

"खूप छान समजलंय, सर."

"गालुह!"

"सरासरी... जवळजवळ येते, सर."

गुनादी तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. विबोवोंना वाटलं, आता या फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं.

पण गडी हरला नाही! उरलेले पाच आठवडे त्यांनी "समजलं का" हा प्रश्नच तोंडातून काढला नाही. रोज एक गणित घालायचं, बाकाबाकावर वाकून वही बघायची, जिथे अडलं तिथे तिथल्या तिथे सुधारायचं. जादा तास घेतले, पोरांना स्वतःच्या पैशानं तेम्पे खिलवले. आणि निकाल लागला. एकेचाळीसपैकी अडतीस पास! विबोवो व्हरांड्यातून अक्षरशः उड्या मारत बू रेत्नांच्या केबिनमध्ये शिरले.

बू रेत्नांचा चेहरा मात्र उतरलेला होता. "निकाल उत्तम आहे, पाक. पण विद्यार्थ्यांचा फॉर्म... विषय गुनादींना द्यावा लागतोय."

"का? पोरांनी वाईट लिहिलं?"

त्यांनी कागद पुढे सरकवला; विधान पूर्ण पटलं तर पाच, मुळीच पटलं नाही तर एक. 'शिकवणं स्पष्ट आहे': एकेचाळीस जणांचे पाचपैकी पाच. 'विषयाचं ज्ञान आहे': पाचपैकी पाच. 'वारंवार गैरहजर असतात': पाचपैकी पाच. 'विद्यार्थ्यांना अपमानास्पद बोलतात': एकेचाळीस जणांचे पाचपैकी पाच.

"सगळ्यांनी एकमतानं लिहून दिलंय. वर पाठवलाही गेला फॉर्म. मी काय करू?"

विबोवो बाहेर आले. दाराशी अख्खा वर्ग उभा होता. गालुहनं नमस्कार म्हणून त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला. तिचा चेहरा आनंदानं फुलला होता.

"सर, एका ओळीतसुद्धा आम्ही तुमचा एक गुण कापला नाही! आवडलं ना?"

विबोवोंनी तिच्याकडे बघितलं, त्या एकेचाळीस हसऱ्या तोंडांकडे बघितलं. खरं सांगायला तोंड उघडलं. पण पोरांना किती वाईट वाटलं असतं!

"खूप आवडलं," ते म्हणाले.