पाचपर्यंत

विहाराच्या बैठकीत आनंदराज सोनकांबळे म्हणाले, "इंग्रजी आपल्याला नवी न्हाई," तेव्हा कोणीच शंका घेतली नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. थायलंडचे नऊ भिक्खू मराठवाड्यात यायचे होते. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत त्यांनी कंधारजवळच्या या गावात यावं, मुक्काम करावा, सोमवारी सकाळी भोजनदान घ्यावं, असं ठरलं. मुक्कामाचं समक्ष बोलू म्हणून आनंदराजांनी पत्र चार ओळींत आटोपलं. नात प्रियदर्शनी 'बाय फाईव्ह' म्हणत होती, तिला त्यांनी गप्प केलं. पर्यंत म्हणजे 'अनटिल', हे त्यांना शाळेपासून पाठ होतं.

रविवारी सकाळी पावणेअकराला ते दारात दाढी करत बसले होते. अर्ध्या गालावर फेस होता. गल्लीत गाडी थांबली आणि एकेक करत नऊ भिक्खू उतरले.

आनंदराजांनी तसेच हात जोडले. प्रियदर्शनीने त्यांच्या कानात सांगितलं, "आजोबा, अनटिल म्हणल्यावर पाचच्या आधीचा वेळ दिलाय, असं झालं."

खरी धास्ती वेगळीच होती. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. बारा टळले की थेट उद्या सकाळी. आणि भोजनदानासाठी गावात चूल पेटलेली नव्हती, अर्धं गाव सोयाबीन काढायला निघालेलं.

आनंदराजांच्या पत्नी सरजाबाई गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "भन्ते आलेत. बाराच्या आत ताटं वाढायचीत."

मग आनंदराजांनी जे पाहिलं, ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. शेतात न्यायला बांधलेल्या भाकरी फडक्यातून सुटल्या. कुणाचं पिठलं आलं, कुणाचं वरण, कुणाच्या घरचं विरजलेलं दही. शेताकडे निघालेला ट्रॅक्टर बायकांना उतरवायला थांबला. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. साडेअकराला नऊ ताटं भरली होती, आणि अजून माणसं झाकलेली भांडी घेऊन येतच होती. वृद्ध भन्तेंनी पहिला घास घेतला तेव्हा आनंदराजांचे डोळे भरून आले. फेस अजून गालावर वाळत होता.

दुपारभर भिक्खू विहारात बसले, मुलांशी बोलले. मुक्कामाचं विचारायला आनंदराज दोनदा पुढे झाले. पण आता कुठला शब्द काय करील याची त्यांना भीती बसली होती, म्हणून दोन्ही वेळा पाणी देऊन परतले.

पाचच्या ठोक्याला तीन गावची मंडळी हार, बँड आणि 'सुस्वागतम' लिहिलेला फलक घेऊन वेशीत हजर झाली. त्याच वेळी समोरून भिक्खूंची गाडी निघाली. पत्रातल्या 'अनटिल'चा अर्थ त्यांनी पाचपर्यंतच थांबायचं असा घेतला होता, म्हणून रात्रीचा मुक्काम लातूरला ठरवला होता.

बँडवाल्यांना काय वाजवावं कळेना, तेव्हा त्यांनी स्वागताचंच वाजवलं. वृद्ध भन्तेंनी काच खाली केली. फलकाकडे बोट दाखवून इंग्रजीत विचारलं, काय लिहिलंय?

सगळं गाव आनंदराजांकडे पाहू लागलं. त्यांनी आधी प्रियदर्शनीकडे पाहिलं, बराच विचार केला, आणि दोनच शब्द उच्चारले, "कम अगेन."

"बरोबर हाय का गं?" गाडी गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "यात चुकायला काहीच न्हाई."