तलावाच्या आवकबाई

आमच्या तलावात काही टाकायचं असेल तर अर्ज करावा लागतो. अर्ज फुकट मिळतो, पण तीन प्रतींत भरावा लागतो आणि कार्बन चालत नाही. तिन्ही प्रती हाताने. काठावरच्या कडुनिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर पॅड आणि पॅडला सुतळीने बांधलेलं पेन घेऊन ज्या बाई बसलेल्या दिसतात, त्या विमलकाकू. अर्ज त्यांच्याकडेच मिळतो. आजवर एकही अर्ज मंजूर झालेला नाही, हा भाग वेगळा.

विमलकाकू जालन्यात मस्तगडला आमच्या शेजारी राहतात. एकट्याच. मुलगी लग्न होऊन लांब गेली, काका तीन वर्षांपूर्वी वारले. काकूंची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर झाली. कचेरीत आलेला प्रत्येक कागद आधी त्यांच्यापुढे यायचा. त्या त्यावर नंबर घालायच्या, शिक्का मारायच्या आणि मगच तो आत जायचा. "कागद खरा का खोटा ते साहेब बघतील. आला का न्हाई ते मी सांगणार," असा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्यावर टेबल कचेरीतच राहिलं, पण टेबलामागची बाई जशीच्या तशी घरी आली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुन्या जालन्यातून पदरखर्चाने 'प्राप्त' असा रबरी शिक्का करून आणला.

तेव्हापासून आमच्या गल्लीत काकूंना काही द्यायचं म्हणजे पोच घ्यावी लागते. माझी बायको वाटीभर खीर पाठवते. रिकाम्या वाटीबरोबर चिठ्ठी येते: 'शेवयाची खीर, वाटी एक, सुस्थितीत मिळाली. वेलदोडा कमी.' खाली शिक्का. माझ्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका त्यांनी नंबर घालून ठेवून घेतली होती. मांडवात आल्यावर व्याह्यांनी "आपण कोणाकडून?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी नातं न सांगता तो नंबर सांगितला.

आता तलावाचं सांगतो. एका उन्हाळ्यात तलावातले मासे उलटे होऊन काठाला लागले. पाण्याला असा वास सुटला की फिरायला येणारी माणसं नाकाला रुमाल लावून परत फिरू लागली. मग आम्ही आठ-नऊ जणांनी ठरवलं, दर रविवारी सकाळी सहाला यायचं, जलपर्णी ओढायची, कचरा काढायचा, ट्रॉली भरायची. आमच्यात एक दातांचे डॉक्टर आहेत, दोन मास्तर आहेत, एक किराणा दुकानदार आहे. मी कॉलेजात नोकरी करतो. आम्ही रविवारी तलाव साफ करायचो आणि सोमवारपासून गाव तो पुन्हा भरायचं. निर्माल्य, फुटक्या तसबिरी, देवघरातल्या जुन्या पोथ्या, गेलेल्या माणसाचे माघारी राहिलेले कपडे, सगळं पिशवीच्या गाठीसकट पाण्यात. आम्ही फलक लावला: 'तलावात काही टाकू नये.' लोकांना फलकाचा उपयोग झाला. हार पाण्यात टाकताना हातातली दुसरी पिशवी त्याच्या खिळ्याला अडकवता येऊ लागली.

अशात एका रविवारी विमलकाकू खुर्ची घेऊन आल्या. काका जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. आम्हाला वाटलं, मोकळ्या हवेत बसायला आल्या असतील. त्यांनी फलकाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "सुधीर, नको म्हणलं की माणूस भांडतो. हो म्हणून फॉर्म द्यावा. मंग तो आपोआप जातो."

पहिलं गिऱ्हाईक मोटरसायकलवरून आलं. हातात निर्माल्याची पिशवी. गाडी चालूच ठेवून त्याने हात मागे नेला, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "टाका ना भाऊ, बिलकुल टाका. फक्त एवढा फॉर्म भरा."

"कशाचा फॉर्म?"

"विषय लिहा, तलावात साहित्य सोडण्याबाबत. खाली नाव, पूर्ण पत्ता, साहित्याचं वर्णन, सोडण्याचं कारण. ओल्या वस्तू वेगळ्या, कोरड्या वेगळ्या."

त्याने हसत हसत एक प्रत भरली. काकूंनी ती नाकाजवळ धरून वाचली आणि म्हणाल्या, "त्रुटी आहे. फुलं किती ते लिहिलं न्हाई."

"अहो, फुलं कोण मोजतं?"

"मंग मोजा. मी कुठं जल्दी करून राह्यले?"

तो दुसऱ्या प्रतीच्या मध्यावर उठला आणि पिशवी तिथेच ठेवून निघून गेला. काकूंनी पिशवीची गाठ सोडली, फुलं खताच्या खड्ड्यात टाकली, प्लास्टिक वेगळं केलं आणि मागून हाक मारली, "भाऊ, पोच घेऊन जा."

'त्रुटी आहे' हा त्यांचा रामबाण. त्यातूनही एखादा चिवट निघालाच, तिन्ही प्रती भरून हाताची घडी घालून उभा राहिलाच, तर शेवटची पायरी होती साहेबांच्या सहीची. साहेब कायम दौऱ्यावर. कोण साहेब, कुठले साहेब, हे आम्हालाही माहीत नव्हतं. एकदा सत्काराचे पोतंभर हार घेऊन एका पुढाऱ्याचा माणूस आला. फॉर्म पाहून त्याचा पारा चढला. "मला ओळखता का?" त्याने विचारलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "ओळखीचा पुरावा मागच्या बाजूला जोडायचा." टेंपो धुवायला पाण्यात घालणाऱ्या ड्रायव्हरला त्यांनी टेंपोचं वय, वजन आणि आंघोळीचं कारण विचारलं. त्याने कारणाच्या रकान्यात 'घाण' लिहिलं. काकू म्हणाल्या, "बराबर आहे. पण ती कोणाची, टेंपोची का तलावाची, तेवढं स्पष्ट करा." तो टेंपो मागे घेऊन गेला आणि परत आला नाही.

दोन वर्षांत पाण्याचा वास गेला. मासे जगू लागले, बगळे येऊ लागले. आमची कुदळ-फावडी जे करू शकली नव्हती ते काकूंच्या फॉर्मने केलं, हे आम्ही आपसांत कबूल करायचो, त्यांच्यापुढे नाही. काकूंना त्याची पोच द्यावी लागली असती.

आणि मग गेल्या दिवाळीआधी ते बाबा आले. मूळचे आष्टीचे, शेतकरी. बायको गेल्यावर मुलाने जुन्या जालन्यात आपल्याकडे आणलेले. धोतर, टोपी, काखेत चादरीचं गाठोडं. मी त्या दिवशी शेजारीच फुलं निवडत बसलो होतो. काकूंनी नेहमीच्या उत्साहाने फॉर्म पुढे केला. बाबांनी तक्रार केली नाही. कडुनिंबाच्या पारावर बसले आणि तासभर लिहीत राहिले. तिन्ही प्रती, एकसारखं अक्षर. साहित्याचं वर्णन: 'लुगडी तीन, त्यात निळं एक. चोळ्या चार. फणी एक. चपला, जोड एक.' काकू त्रुटी शोधत खाली आल्या आणि कारणाच्या रकान्यावर थांबल्या. तिथे लिहिलं होतं, 'घरात असलं की दिसतं.'

काकूंनी हातातलं पेन पॅडवर आडवं ठेवलं.

"काही चुकलं का बाई?" बाबांनी विचारलं.

"न्हाई बाबा. सगळं बराबर आहे."

"मंग सोडू का पाण्यात?"

मी हातातली फुलं खाली ठेवली. एकाला परवानगी दिली की उद्या रांग लागणार, आणि आमची दोन वर्षं पाण्यात जाणार. काकू म्हणाल्या, "ठेवा इथं. आम्ही सोडतो. ही पोच घ्या." बाबांनी पोच टोपीत खोचली, तलावाला हात जोडले आणि गेले.

गाठोडं पाण्यात गेलंच नाही. काकू ते रिक्षात घालून घरी घेऊन गेल्या आणि पत्र्याच्या पेटीत ठेवलं. मला ते आवडलं नाही. तलाव वाचला हे खरं, पण म्हाताऱ्या माणसाला तोंडावर खोटं सांगायचं म्हणजे काय. मी तसं बोललोही. काकू म्हणाल्या, "अजून जावक नंबर पडला न्हाई." एवढंच. मी चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. खीरही पाठवली नाही.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी बाबा मला काठावर दिसले. पाण्याच्या अगदी कडेला उकिडवे बसले होते. काकू त्या दिवशी सर्दीने घरी होत्या. मला पाहून बाबा उठले आणि ओशाळून म्हणाले, "म्या ते गाठोडं देऊन गेल्तो बघा. त्यात निळं लुगडं होतं. पाणी उतरल्यावर सापडंल का हो?" मग मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "आता काहीच दिसत न्हाई घरात."

मी त्यांना गाडीवर बसवलं आणि मस्तगडला आणलं.

काकूंनी दार उघडलं, बाबांना पाहिलं, आणि पहिलं वाक्य काय बोलल्या असतील? "पोच आणली का?" बाबांनी टोपीतून घडी काढून दिली. काकूंनी नंबर ताडून पाहिला, पेटी उघडली आणि गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाबा गाठीवर हात ठेवून बसून राहिले. त्यांना गाठ सोडवेना, आणि आमच्यापैकी कोणी पुढे झालं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही तर सोडतो म्हणल्ता."

"साहेबांनी सही केली न्हाई," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

बाबा गेल्यावर मी पेटीत डोकावलो. आणखी पाच-सहा गाठोडी होती, प्रत्येकावर नंबर. मी विचारलं, "काकू, लोक परत मागायला येतात हे तुम्हाला कसं माहीत?"

काकूंनी पेटीचं झाकण लावलं. "हे गेले तेव्हा नणंदबाई म्हणल्या, वापरातलं घरात ठेवू नये, माणसाचा जीव अडकतो. मी सगळं बांधून तलावात सोडून आले. कपडे, जोडे, चष्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि वाटलं, चष्मा कशाला टाकला? चष्म्याशिवाय ह्यांना काहीच दिसत न्हाई." त्यांनी पेटीची कडी घातली. "मंग लुगडं खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले. दोन तास हात घालून राह्यले चिखलात. देवाच्या तसबिरी सापडल्या, बांगड्या सापडल्या, एक गजराचं घड्याळ सापडलं. सगळ्या जालन्याचं सापडलं. ह्यांचाच चष्मा न्हाई. तोपर्यंत मी काठावरून हात जोडून येत होते. आत काय झालंय ते त्या दिवशी पाह्यलं."

मला त्या चार दिवसांची फार लाज वाटली. मी घरी आलो आणि बायकोला खीर करायला सांगितली.

सांगायला नको होतं, पण मी रविवारी बाकीच्यांना सांगितलं. त्या दिवसापासून आमचं काम मंदावलं. गाळ वर आला की पूर्वी तसाच ट्रॉलीत जायचा, आता प्रत्येक जण आपल्या ढिगापाशी बसून तो बोटांनी चाळतो. काकूंनी दोन रविवार पाहिलं आणि ओरडल्या, "हे काय करून राह्यले तुम्ही सगळे? ट्रॉली कधी भरायची?" सगळे खाली मान घालून चाळत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि बराच वेळ पॅडवर उगाच काहीतरी लिहीत राहिल्या.

परवा डॉक्टरांना गाळात एक चष्मा सापडला. एक काच फुटलेली, काडी वाकलेली. ते पळतच काकूंकडे गेले, आम्ही सगळे मागून गेलो. काकूंनी चष्मा हातात घेतला, उलटा केला, पदराने काच पुसून त्यातून पाण्याकडे पाहिलं.

"ह्यांचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पण कोणाचा तरी आहे."

आणि नंबर घालून त्यांनी तो रुमालात गुंडाळून ठेवला.