परीक्षा होईपर्यंत हात नको

सूनबाईने घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली, तेव्हा भाजी चिरणाऱ्या सासूबाईंना वाटलं, मुलाने न सांगता घर विकायला काढलं.

"विकायचं काही नाही, आई. माझा अभ्यास आहे," सूनबाई म्हणाली आणि कुकरला एक चिठ्ठी लावून पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी तिची इंग्रजी साहित्याची तोंडी परीक्षा होती. पास झाली तर शाळेत मोठ्या वर्गाला इंग्रजी शिकवायला मिळणार होतं, नाहीतर पुन्हा बालवाडीत नाकं पुसायची. नाकं पुसायला तिची ना नव्हती, पण नाकांशी साहित्यावर बोलता येत नाही. मागच्या वर्षी परीक्षकांसमोर तिची वाचाच बसली होती. म्हणून यंदा तिने युक्ती काढली. एकेक संज्ञा एकेका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहायची आणि शोभेल त्या वस्तूला लावायची. परीक्षेत प्रश्न आला की डोळे मिटून मनातल्या मनात घरात शिरायचं आणि उत्तर उचलून आणायचं. कुकरवर ‘सस्पेन्स’, कारण शिट्टी कधी होईल ते कुकरलाही ठाऊक नसतं. जिन्याच्या करकरणाऱ्या पायरीवर ‘फोरशॅडोइंग’, म्हणजे पुढच्या घटनेची चाहूल, कारण ती वाजली की सासरे येणार हे ठरलेलं.

पायरी वाजली. बस चालवून निवृत्त झालेले सासरे आले आणि आपल्या आरामखुर्चीवरची चिठ्ठी निरखू लागले.

"‘हायपरबोली’ म्हणजे काय गं?"

"अतिशयोक्ती, बाबा."

सासरे दुखावले. आपण जन्मात कधी वाढवून बोललो नाही, असं त्यांनी सांगितलं. अर्ध्या जगाला बसमधून नेलं, पण एका माणसाला धक्का लागू दिला नाही, आणि ब्रेक तर बहुधा कधी वापरलाच नाही, हेही सांगितलं. सूनबाईने चिठ्ठी आणखी घट्ट दाबली.

सासूबाईंच्या ओट्यावर ‘सोलिलक्वी’ होती. पात्र एकटंच मोठ्याने बोलतं ते, असा अर्थ कळल्यावर त्या कढईकडे बघून म्हणाल्या, "ऐकायला कोणी असेल तर दुकटं बोलू ना." चष्म्याच्या दुकानातून उशिरा आलेल्या नवऱ्याला आपल्या हेल्मेटवर ‘अनरिलायबल नॅरेटर’ सापडला, म्हणजे ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक. त्याने कारण विचारलं. ‘पोचलोच, कोपऱ्यावर आहे’ हे फोनवर रोज कोण सांगतं, असं तिने उलट विचारलं.

घरात आता कुतूहल पेटलं होतं. आपली चिठ्ठी कोणालाच पटेना, दुसऱ्याची मात्र त्याला अगदी शोभते असं प्रत्येकाचं मत. सासऱ्यांनी आपली चिठ्ठी गुपचूप टीव्हीला लावली. नवऱ्याने आपली सासऱ्यांच्या वर्तमानपत्राला आणि सासूबाईंनी आपली रेडिओला. जेवणानंतर सूनबाई डोळे मिटून मनातल्या घरात शिरली आणि डोळे उघडून पाहते तो घर भलतंच.

ती सहसा रागावत नसे. त्या दिवशी मात्र तिने तिघांना समोर बसवलं.

"परीक्षा होईपर्यंत कुठल्याही चिठ्ठीला कोणी हात लावायचा नाही. कुठेही दिसली तरी. आणि मला काही विचारायचंही नाही, माझी एकाग्रता मोडते."

तिघांनी कबूल केलं. सासूबाईंनी तर देवासमोर हात जोडून कबूल केलं.

राहिली एकच चिठ्ठी, ‘ड्रॅमॅटिक आयरनी’. पुस्तकातली तिची व्याख्या इतकी लांब होती की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. शोभेल अशी वस्तूही सापडेना. कपाटावरून टेबलावर, टेबलावरून आरशावर फिरत ती चिठ्ठी शेवटी अभ्यासाच्या खुर्चीच्या पाठीला, गोंदाची बाजू बाहेर करून, तात्पुरती टेकून विसावली. सकाळी सूनबाई तिथेच टेकून, डोळे मिटून, उजळणी करत बसली. ती उठली तेव्हा चिठ्ठीही तिच्या पाठीवर बसून उठली.

आता हे तुम्हाला कळलं, तिला कळलेलं नाही. कृपा करून मध्ये बोलू नका.

तिघं तिला दारापर्यंत पोचवायला आले. ती पाठमोरी झाल्यावर सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण सासूबाईंनी त्यांचा दंड धरला.

बसमध्ये मागच्या बाकावर खुसखुस झाली. शाळेच्या फाटकावरचा रखवालदार गालात हसला. जिन्यात दोन परीक्षार्थी तिला वाट देऊन मागून फिदफिदले. तिने चेहरा पुसला, केस चाचपले, चपलांचा जोड तपासला. सगळं जागच्या जागी होतं. हे लोक हसतात कशाला, हे कोडं तिच्या डोक्यात असं शिरलं की भीतीला उभं राहायलाही जागा उरली नाही.

परीक्षेच्या खोलीत दोन परीक्षक होते, एक वयस्कर सर आणि एक तरुण बाई. तिने वळून दार लावलं. पुन्हा समोर वळली तेव्हा सर पाण्याचा पेला तोंडाला लावून बसले होते आणि तो काही केल्या खाली ठेवत नव्हते.

उत्तरं छान झाली. कुकर आला, पायरी वाजली, ओटा बोलला. मग सरांनी चष्मा पुसत विचारलं, "ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे काय?"

ती मनातल्या घरात धावत गेली. खुर्चीपाशी पोचली. खुर्ची कोरी.

"सर, ही एक आठवत नाही."

"राहू द्या. आज रस्त्यात तुम्हाला बघून कोणी हसलं का?"

"हो," ती चकित झाली. "बसमध्ये. फाटकावर. जिन्यातसुद्धा."

"का हसले असतील?"

"तेच कळत नाहीये, सर. बघणाऱ्या सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे. फक्त जिची गोष्ट आहे, त्या मलाच ठाऊक नाही."

तरुण बाईंनी रुमाल तोंडाला लावून खिडकीकडे पाहिलं. सरांनी गुण लिहिले. "व्याख्या बरोबर आहे," ते म्हणाले. "मोठ्या वर्गाला शिकवाल तेव्हा कुकरचं उदाहरण जरूर द्या."

ती घरी आली ती पायरी न वाजवताच, दोन-दोन ओलांडत. सगळं एका दमात सांगून झालं. "पण लोक हसले हे सरांना कसं कळलं, आई? मी तर बोललेही नव्हते."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"परीक्षा झाली ना गं?" सासूबाईंनी विचारलं.

"झाली."

"पुरती झाली? काही मागे राहिलं नाही?"

"काही नाही."

"मग आता हात लावला तर चालेल?"

"कशाला?" सूनबाई म्हणाली.

सासऱ्यांनी सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला आणि तिघंही एकदमच तिच्या मागे गेले.