कोणाच्या हाताने मोजायचं

ऑनलाइन दुकान कसं सजवावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने बेलाशक माझ्याकडे यावं, असं मी त्या सोमवारी सकाळी भेटेल त्याला सांगत होतो.

आमचं दुकान जरा निराळं आहे. जुन्या काळचे पोशाख चढवून जुन्या लढाया मैदानात पुन्हा लढून दाखवणारे हौशी लोक असतात ना, त्यांचं सामान आम्ही विकतो. चिलखताच्या कड्या, शिंगाची बटणं, ढालीमागे लावायचे चामड्याचे पट्टे. दुकान आत्याचं. तिचं जुनं संकेतस्थळ थेट वीजबिलासारखं दिसायचं. ते पालटायचं काम मी हट्टाने मागून घेतलं.

आत्या म्हणाली, "पालट. पहिल्या आठवड्यात एकही तक्रार आली नाही तर दुकान तुझं. एक जरी आली, तर जुनं परत लावायचं आणि तू पुन्हा बटणं निवडत बसायचं."

बटणं मी अकरा वर्षं निवडतोय. आता स्वप्नातसुद्धा मापाप्रमाणे वेगळी होतात.

चित्रं, रंग, अक्षरं सगळं झकास झालं होतं, पण माझी खरी करामत मापांत होती. संगणकाचं सगळं भाची बघते. ती म्हणाली, "मामा, सेंटीमीटर टाकू ना?"

"चिलखत घालणारा माणूस सेंटीमीटर विचारतो का गं? 'हात' लिही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. अस्सल वाटलं पाहिजे."

"कोणाचा हात?"

"माणसाचा," मी म्हणालो आणि देवाचं नाव घेऊन दुकान उघडलं.

पहिलीच मागणी सेनापतींची. एरवी ते दातांचे डॉक्टर, पण रविवारी चाळीस जणांची फौज घेऊन मैदानात उतरतात. चाळीस ढालींना प्रत्येकी दोन हात पट्टा हवा होता. मी टेबलावर स्वतःचा हात ठेवून ठेवून सगळे कापले आणि त्याच दिवशी रवाना केले.

बुधवारी फोन आला. "पट्टे मिळाले. पण त्यांत कुणाचाच दंड शिरत नाही. तुमच्याकडे हात केवढा असतो?"

शेजारच्या खोलीत आत्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. मी आवाज खाली आणला. "डॉक्टर, ही तक्रार आहे का?"

"छे हो. आपलं कुतूहल म्हणून विचारतोय."

कीर्तनात बुवांनी नेमकं आपल्या मनातलं बोलावं आणि मान आपोआप डोलावी, तसं माझं झालं. रविवारच्या आत नवे पट्टे पाठवतो, असं मी कबूल केलं.

पण आता मलाच कुतूहल लागलं. हात असतो तरी केवढा? माझा भरला एकेचाळीस सेंटीमीटर. भाचीचा त्रेचाळीस. कुरियरवाल्याचा सत्तेचाळीस. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरचा एकोणपन्नास. शेजारच्या वकीलबाईंनी आधी कारण विचारलं, ते पटल्यावर दोन्ही हात पुढे केले, आणि दोन्हींत अर्ध्या सेंटीमीटरचा फरक निघाला. त्या तेव्हापासून जरा गप्प असतात. संध्याकाळपर्यंत सोळा जण मोजून झाले. सगळ्यांत आखूड हात माझा.

म्हणजे जे जे म्हणून पाठवलं होतं, ते आखूड गेलं होतं.

गुरुवारी मी भाचीला म्हटलं, "संकेतस्थळावर 'तक्रार' असं बटण आहे ना, तिथे 'कुतूहल' लिही."

"मामा, हे बरोबर आहे का?"

"लोकांनी मनातलं तेच लिहायचंय. मी फक्त दारावरची पाटी बदलतोय."

देवापुढे बसलो तेव्हा मात्र जप काही केल्या पुरा होईना. मणी मोजतानाही आपण कमी देतोय की काय, असं वाटत राहिलं.

आठवडा भरला. मी आत्यासमोर ताठ उभा राहिलो. "तक्रारी शून्य. कुतूहलं एकशे सहा."

आत्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचायला घेतलं, प्रत्येक ओळीनंतर थांबून, माझ्याकडे बघत.

"'चार हात दोरी मागवली, साडेतीन भरली. असं का होत असावं?'" थांबली. "'तुमचा पट्टा माझ्या कमरेला पोचत नाही. माझी कमर वाढली की तुमचा हात आटला?' हे कुतूहल का रे?"

"आत्या, गोड भाषेत लिहिलंय," मी म्हणालो, आणि मग माझ्याच्याने राहवेना. "तक्रारीच आहेत. पाटी मी बदलली."

आत्याने चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "पाचव्या ओळीलाच कळलं होतं मला. सांगतोस का ते बघत होते. जुनं परत लावत नाही, नवं छान दिसतंय. पण या एकशे सहा जणांना एकेक पत्र लिही, कमी पडलेलं पाठव, आणि मग दुकानाचं बोलू."

भाचीने सेंटीमीटर टाकले. मी रोज बसून पत्रं लिहितोय, त्र्याण्णव झाली. चौऱ्याण्णवाव्या गृहस्थांचं काहीच कमी पडलेलं नाही. त्यांनी एवढंच विचारलंय, "नवं दुकान फार आवडलं. मालक आपणच का?"

आत्याला विचारून कळवतो, असं लिहिलंय.