ओळख पटवा, मग आत या

आमच्या सास्तुरात बसवराजच्या दारावर थाप मारली की आतून "कोण?" असं येत नाही. "तुमीच कशावरून?" असं येतं. मी शेजारी, झेडपीच्या शाळेतला मास्तर, बारा वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. तरी परवा लोणच्याची वाटी परत द्यायला गेलो, तर ह्या पठ्ठ्यानं माझ्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला. चष्मा घरी राहिला होता. तो आणला, कोड वाचून दाखवला, तेव्हा कुठं कडी निघाली.

बसवराजचा धंदा वेबसाइटींना कुलपं घालायचा. लॉगिन, पासवर्ड, चुकीचा माणूस आत शिरू नये याची सगळी तजवीज. "सर, पासवर्ड पोटच्या पोरालाबी सांगायचा न्हाय. तीनदा चुकला की भाईर. मग देव का असंना." मुलगी बघायला लोहाऱ्याला गेला, तर तिच्या बापाकडंच आधार कार्ड मागितलं. लग्न जमलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

एकदा त्यानं मला स्क्रीनवर एका वेबसाइटची यादी दाखवली. कोण आत आलं, कोण चुकून परत गेलं. त्यात रोज पहाटे एक ओळ होती. नाव बसू, पासवर्ड चूक.

"चोर असेल रे," मी म्हणालो.

"चोर हजार नावं टाकून बगत्यात सर. ह्यो एकच टाकतोय. एकदाच. आन जातोय."

"मग बंद कर की त्याला."

"न्हाय. नाव खरंच त्याचं असलं तर?"

बसू हे तर बसवराजचंच घरातलं नाव. मग त्यानंच सांगितलं.

भूकंपात जुनं गाव आडवं झालं तेव्हा तो तीनेक वर्षांचा. पत्र्याच्या शेडात सापडलेली लेकरं बसवली होती, धुळीनं तोंडं सगळ्यांची सारखीच. तो ज्यांना अव्वा, म्हणजे आई, म्हणतो त्या गंगव्वा आल्या, रांगेतनं फिरल्या आणि याला उचललं. "ह्यो माझा बसू." लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं.

"अव्वाला त्या दिवशी कुणीच काय इचारलं न्हाय, सर. मी कोण हाय ते मला कळाया पायजे. पर इचारलं, आन ती न्हाय म्हणली, तर मी जाऊ कुठं?"

त्यानं स्क्रीन बंद केली. मी घरी आलो.

गेल्या महिन्यात गावच्या बचतगटानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकायला वेबसाइट काढली. कुलूप अर्थात बसूचं. एकेक बाई येऊन खातं उघडत होती, मी वाचून दाखवायला बसलो होतो. सगळ्यात शेवटी गंगव्वा. पासवर्ड विसरला तर ओळख पटवायला प्रश्न आणि उत्तर द्यावं लागतं. दिवसभर घोकलेलं बसूनं पुन्हा म्हटलं, "अव्वा, आसा प्रश्न सांग, ज्याचं उत्तर तुझ्याबिगर कुणालाच ठावं न्हाय."

गंगव्वांनी पदराचं टोक पिळलं. मग म्हणाल्या, "लिव्ह. माझ्या बसूच्या डाव्या पायाला बोटं किती?"

"उत्तर?"

"सहा."

बसूचे हात थांबले. चप्पल दाराबाहेर होती. बघू नये हे कळत होतं, तरी मी टेबलाखाली बघितलं. दोन्ही पायांना पाच-पाच.

"हे दुसऱ्या कुणाला ठावं?" त्यानं विचारलं.

"ज्यांना हुतं, ती जुन्या गावातच ऱ्हायली."

मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तुला कवा कळलं?"

"उचललं तवाच. पर तू माझ्या मानंला मिठी मारलीस, ती सोडंचनास. मग मीबी न्हाय सोडलं."

बसूनं "सहा" लिहिलं. डोळे बाहीनं पुसले आणि लहान पोरासारखं विचारलं, "अव्वा, त्याचं नाव मी वापरलंय गं. त्याला चालंल का?"

गुडघ्यावर हात टेकून गंगव्वा उठल्या.

"थोरल्याचं धाकट्याला येतंच की," त्या म्हणाल्या. "चल, जेवून घे."