पाळ मेटिक्युलसली

एका जंगलात सगळे प्राणी मराठीत बोलायचे. हसू नका रे. तेव्हा तशी पद्धत होती.

त्या जंगलात एक तळं होतं आणि तळ्याला मातीची पाळ होती. पाळीच्या खालच्या अंगाला गोटेच गोटे होते. तिथे एका टिटवीने अंडी घातली होती. टिटवी घरटं बांधत नाही. गोटे जरा इकडेतिकडे सारते आणि बसते. तिचं अंडं दगडासारखंच दिसतं, म्हणून कुणी चोरत नाही. पण एकदा घातलेलं अंडं तिला उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाळीला खेकडे भोकं पाडायचे. मग रेडेमामा चिखल टाकून, खुरांनी तुडवून ती बुजवायचे. कोल्होबा कारभारी विचारायचा, "काय मामा, झालं का?"

"नीट केलंय," मामा म्हणायचे. विषय संपला.

मग एक दिवस शहरातून राघू आला. एका इंग्रजी शाळेच्या ऑफिसात तो पिंजऱ्यात असायचा. कुणीतरी दार लावायला विसरलं आणि हा पळाला. शिक्षण पूर्ण करून आलो, असं सांगायचा.

"नीट?" राघू म्हणाला. "शी! बाहेर असं कुणी बोलत नाही. बाहेर म्हणतात केअरफुली. त्याहून बरं असेल तर थरोली. आणि फारच बरं असेल तर मेटिक्युलसली."

कोल्होबाने कान टवकारले. "सगळ्यांच्या शेवटी ली?"

"हो. ली पाहिजेच."

"अरे, मग हे आपल्यासारखंच की! आली, गेली, झाली, केअरफुली. म्हणजे शब्द म्हटला की काम झालंसुद्धा!"

आता खरं तर राघूने इथे अडवायला हवं होतं. पण त्याने ते शब्द नुसते ऐकलेले, अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. तो मान डोलावून म्हणाला, "अगदी बरोबर."

झालं! दुसऱ्या दिवसापासून जंगलात कामांचा नुसता फडशा पडू लागला. वाघाची गुहा न झाडताच थरोली. अस्वलाची आंघोळ केअरफुली. मोर म्हणाला, "माझा पिसारा केअरफुला." हरिणीचं पाडस न चाटताच केअरफुलं. व्याकरण पक्कं होतं हो सगळ्यांचं!

एवढ्यात पाळीला पुन्हा भोक पडलं. रेडेमामा पायाला चिखल माखून निघाले, तर वाटेत कोल्होबा.

"मामा, काम कसं करणार?"

"नीट."

"पुन्हा तेच! मेटिक्युलसली म्हणा."

मामांनी जीभ वळवली. मेटी म्हणाले, मेटकू म्हणाले, मेटाकुटली म्हणाले. शब्द म्हणता म्हणता बिचारे स्वतःच मेटाकुटीला आले. शेवटी एकदाचा जमला. "पाळ मेटिक्युलसली!"

"शाबास! आता घरी जा."

"अहो, पण भोक?"

"मामा, शब्द केवढा मोठा आहे बघा. भोक ते केवढंसं!"

मामांना हे पटलं नाही. पण कारभाऱ्यांशी वाद कोण घालणार? ते गेले आणि डबक्यात बसले. पायावरचा चिखल तिथेच धुऊन गेला.

इकडे टिटवीच्या गोट्यांखाली ओल आली. ती धावत कोल्होबाकडे गेली.

"कारभारी, पाळ झिरपतेय हो."

"ताई, पाळ मेटिक्युलसली आहे."

"मग पाणी कुठून येतंय?"

कोल्होबाने क्षणभर विचार केला. "केअरफुली येतंय."

"अहो, माझी अंडी आहेत खाली! आतून टकटक ऐकू येतेय. पिल्लं आता बाहेर पडतीलच. तेवढ्यापुरती तरी माती टाका कुणी!"

"टिटवी समुद्रसुद्धा आटवते म्हणे," कोल्होबा हसून म्हणाला. "तुम्ही आधी एवढं झिरपणारं पाणी आटवा."

टिटवी मग मामांकडे गेली. "मामा, तुम्ही तरी चला."

मामांनी खाली मान घातली. "कसा येऊ गं पोरी? पाळ झाली, असं माझ्याच तोंडाने सांगून बसलोय. आता माती टाकायला गेलो, तर मी खोटं बोललो असं होईल ना?"

"होऊ दे की!" टिटवी म्हणाली.

पण मामांना लाज वाटत होती. लाज वाईट असते बाळांनो, रेड्यालासुद्धा जागचं हलू देत नाही.

सकाळी टेकडीवर मोठा समारंभ होता. पाळीचा सत्कार. आता पाळीला शाल पांघरणार कशी, असं विचारू नका, ती कोल्होबाने स्वतःच पांघरली होती. भाषण रंगात आलं होतं आणि तेवढ्यात टिटवी ओरडत आली.

"फुटली! फुटली! पाळ फुटली!"

कोल्होबा थांबला. राघूच्या कानाशी लागला. "फुटली? हा नवा दिसतोय. मेटिक्युलसलीच्या वरचा का?"

राघूने हा शब्द शाळेत ऐकला नव्हता. पण विद्वानाला 'माहीत नाही' म्हणता येतं का? "सगळ्यात वरचा," तो म्हणाला.

"ऐका हो ऐका!" कोल्होबा गरजला. "आपली पाळ फुटली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडं नाचायला लागली. "पाळ फुटली! पाळ फुटली!" टिटवी जसजशी घसा फोडून ओरडे, तसतशा टाळ्या वाढत. बिचारी रडायला लागली, तर अस्वल म्हणालं, "आनंदाश्रू!"

रेडेमामांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते उठले आणि टेकडीवरून धावत सुटले.

पाणी लोंढ्याने येत होतं. मामा त्यात शिरले आणि गोट्यांपुढे आडवे पडले. तोवर अंडी वाहून चालली होती. एक अंडं तेवढं त्यांच्या पोटाशी येऊन अडकलं. मामा श्वास रोखून तसेच पडून राहिले. तळं रिकामं झालं, तरी हलले नाहीत. टिटवी शेजारी उभी होती. आणि मग त्या अंड्याला चीर गेली.

दुपारी कोल्होबा चौकशीला आला. निष्कर्ष त्याने येतानाच काढला होता: पाळीचा दोष नाही, अंडी केअरफुली घातली नव्हती.

टिटवीच्या पंखाखाली ओलं पिल्लू थरथरत होतं.

"हे बाहेर कसं पडलं?" कोल्होबाने विचारलं.

टिटवीने मामांकडे बघितलं.

"नीट," ती म्हणाली.

जुना शब्द वापरल्याबद्दल तिला त्या तळ्यावरून हाकलण्यात आलं. तळ्यात तसंही पाणी नव्हतं. कोल्होबाला बढती मिळाली आणि शेजारच्या जंगलातली पाळही त्याच्याकडे आली. ती अजून बांधायची आहे, पण मेटिक्युलसली आहे.

तात्पर्य: आधी शब्द घालावा, माती मागून घालता येते. 'नीट' केलेल्या कामातून फार तर एखादं पिल्लू वाचतं, बढती मिळत नाही.

तर बाळांनो, तुमचा गृहपाठ केअरफुला ना? शाबास. वही दाखवू नका, राहू दे.